निळं दूध, निळा धूर

या पोस्टिंगला डोंगर नाही. सिक्कीमचे आणि राजौरीचे लेख वाचून ज्यांनी विचारलं होतं की आता पुढचा डोंगर कुठला, त्यांना आधीच सांगून टाकतो. इथला नकाशा उघडला की काँटूर रेषा शोधाव्या लागतात. कावेरीचा त्रिभुज प्रदेश ताटासारखा सपाट, आणि त्या ताटात नद्या-कालव्यांच्या रेघोट्या. काम एनसीसीचं, कुंभकोणमला. राहतो तिथून सहा-सात किलोमीटरवर, तिरुनागेश्वरम् नावाच्या गावात, कारण इथं भाड्याच्या घराला अंगण मिळालं आणि अंगणाला लागून पत्र्याची शेड.

त्या शेडमध्ये काय ठेवायचं, हा या लेखाचा विषय.

गाव लहान, पण नाव मोठं. नागनाथस्वामीचं देऊळ हे या भागातल्या नवग्रहांच्या देवळांपैकी राहूचं ठाणं. राहुकाळात मूर्तीला दुधाचा अभिषेक होतो आणि अंगावरून ओघळताना ते दूध निळं दिसतं, अशी ख्याती. रविवारी राहुकाळ साडेचार ते सहा. त्या दीड तासात देवळाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. जवळच ओप्पिलियप्पन, म्हणजे विष्णू. त्याच्या नैवेद्यात मीठ घालत नाहीत. आमच्या कराडकडं अळणी जेवण आजाऱ्याला देतात, इथं लोक ते रांगेत उभे राहून प्रसाद म्हणून घेतात. दुधाचा उल्लेख मुद्दाम केलाय, पुढं लागणार आहे.

तर गाडी. मला जंगलवाटांवर, पायवाटांवर चालवायला एक हलकी टू-स्ट्रोक मोटरसायकल हवी होती. पण त्याआधी गुडघ्याचं सांगायला हवं.

मागच्या वर्षी डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. बर्फात नाही, गस्तीवर नाही, व्हॉलीबॉलच्या मैदानावर. ऑपरेशन झालं, आणि फौजेच्या भाषेत मी 'शेप-वन' राहिलो नाही. नागरी वाचकांसाठी सांगतो: आमची तब्येत पाच अक्षरांत मावते. एस, एच, ए, पी, ई. त्यातला 'ए' म्हणजे हातपाय. माझा 'ए' सध्या तात्पुरता खाली आहे. सहा महिन्यांनी पुन्हा मेडिकल बोर्ड. गुडघा पास झाला तर पुढची पोस्टिंग वर, पलटणीजवळ. नाही झाला तर उरलेली नोकरी टेबलामागं. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारलं, मोटरसायकल चालवू का? म्हणाला, "सर, चालवा. पडू नका."

आता ट्रेल रायडिंग म्हणजे पडणंच. चिखलातून, वाळूतून, नारळाच्या मुळांवरून दुचाकी नेणारा माणूस पडतोच. प्रश्न एवढाच की पडताना वेग किती आणि अंगावर किती किलो येतात.

दुसरी भागीदार आमची कन्या. अठरा पूर्ण, लायसन्स कोरं करकरीत, उंची पाच फूट दोन इंच आणि डोक्यात एनडीए. ऑगस्ट २०२२ मध्ये अकादमीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. ३० मे २०२५ ला त्यातल्या सतरा जणी पास आऊट झाल्या, तो सोहळा हिनं टीव्हीसमोर उभं राहून बघितला. मेडिकल तिचंही व्हायचंय. त्यामुळं बायकोनं विचारलं ते रास्तच होतं: "दोघांची हाडं एकाच गाडीवर लावणार आहेस का?"

मग घरी का नाही बसत? मुलगी काही घरी बसणार नव्हती. लायसन्स हातात आलंय, ती रस्त्यावर जाणारच, आणि तमिळनाडूतल्या खासगी बस ज्यांनी समोरून येताना पाहिल्यात त्यांना मी जास्त सांगायला नको. त्यापेक्षा मातीत, पंधराच्या वेगानं, चार वेळा पडून तोल शिकलेली बरी. माझं कारण वेगळं होतं. गुडघा जोडला गेला, त्याच्यावरचा भरवसा जोडला गेला नव्हता. जिना चढताना कुठला पाय आधी टाकायचा याचा विचार करणारा माणूस वरच्या चौकीवर पाठवता येत नाही. कागदावर 'ए-वन' लिहून आणणं बोर्डाच्या हातात. पण डावा पाय निसरड्या जमिनीवर न घाबरता टेकवणं माझंच काम होतं.

फौजेत कुठलंही काम करायचं तर आधी 'ॲप्रिसिएशन' लिहितात. उद्दिष्ट काय, जमीन कशी, आपली माणसं किती, पर्याय कोणते, त्यातला कुठला घ्यायचा. गाडी निवडताना मी हेच केलं, कारण मोटरसायकलची निवड बहुतेक लोक पोस्टर बघून करतात आणि मग जमिनीला दोष देतात.

उद्दिष्ट: रविवारी पहाटे तीन तास, कालव्यांच्या कडेच्या मातीच्या वाटा, आणि घरी धड परत येणं. आपली माणसं: दोन. चार गुडघे, त्यातले तीन चांगले.

जमिनीवर मात्र थोडा वेळ काढतो. इथल्या सगळ्या शेतीचं घड्याळ मेट्टूरच्या धरणावर चालतं. रिवाजानं १२ जूनला पाणी सुटतं आणि २८ जानेवारीला बंद होतं. म्हणजे जूनपासून पोंगलपर्यंत जिकडंतिकडं भात, चिखल आणि पाणी. त्यानंतर उघडी पडणारी जमीन बघून शहरी माणसाला वाटतं, चला, मैदान मोकळं. तसं नसतं. भात काढायच्या सुमाराला त्याच ओलीवर उडीद आणि मूग टाकलेले असतात. लांबून पडीक दिसणाऱ्या रानात खाली वाकून बघितलं तर कोंब दिसतात.

आणि बांध. तमिळमध्ये 'वरप्पु'. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी लहानपणी बघितलेत. वीतभर रुंदीचा, पावलांनी दाबून घट्ट केलेला, पाणी धरून ठेवणारा तो मातीचा वळसा. त्याच्यावरून खाचांच्या टायरची गाडी नेणं म्हणजे दुसऱ्याचा बांध कोरणंच. त्यामुळं आमचा पहिला नियम गाडी ठरायच्याही आधी ठरला: शेतात नाही, बांधावर नाही. बैलगाडी आणि ट्रॅक्टर जातात त्याच वाटा, कालव्याची कड आणि उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या पात्राच्या काठची वाळू. या वाटा सपाट आहेत, पण सोप्या नाहीत. चिकणमाती सुकली की दगड, भिजली की साबण.

या जमिनीवर टू-स्ट्रोक कशासाठी? चारचौघांत हा प्रश्न निघाला की लोक आवाजाबद्दल बोलायला लागतात, तरुणपणाबद्दल बोलायला लागतात. मला त्यात फार रस नाही. टू-स्ट्रोकचं खरं कारण वजन. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. त्यामुळं तेवढ्याच ताकदीला इंजिन लहान पुरतं. वर व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, त्यांना फिरवणारी साखळी नाही. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये शिरतं, पिस्टन खाली येताना ते दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं, आणि जाता जाता जळलेला धूर बाहेर ढकलतं. हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. पाण्यात बुडून बंद पडली तर प्लग काढा, गाडी उलटी करा, किक मारून पाणी बाहेर काढा आणि चालू लागा. वरचं इंजिन झाडाखाली बसून खोलता येतं.

तोटेही सांगतो. तेल पेट्रोलबरोबर जळतं, म्हणून धूर. काही न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर जातं, म्हणून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा आपल्याकडच्या टू-स्ट्रोक मोटरसायकली बंद पडल्या. आणि सर्वांत मोठा तोटा म्हणजे इंजिन ब्रेकिंग जवळपास नाही. उतारावर थ्रॉटल सोडला तरी गाडी घरंगळत राहते, वर तेल पेट्रोलबरोबरच येत असल्यानं थ्रॉटल बंद ठेवून लांब उतार उतरलात तर इंजिनाला तेलही कमी पोचतं. कोल्ली डोंगराच्या सत्तर वळणांवर मी म्हणूनच ही गाडी नेणार नाही. पण तिरुनागेश्वरम्‌ला उतार कुठं आहे? जमीन निवडली की अर्धे तोटे आपोआप गळून पडतात.

सैनिकाला या यंत्राची ओळख जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैन्यासाठी रॉयल एनफिल्डनं १२५ सीसीची एक टू-स्ट्रोक बनवली, लोक तिला 'फ्लाइंग फ्ली' म्हणत, उडणारी पिसू. वजन साठ किलोच्या आत. लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवून पॅराशूटनं खाली सोडायची. कुंपण आडवं आलं तर दोघांनी उचलून पलीकडं ठेवायची. मूळ नक्कल जर्मन डीकेडब्ल्यूची. त्याच डीकेडब्ल्यूच्या १२५ सीसी गाडीवरून युद्धानंतर ब्रिटनमध्ये बीएसए बँटम, अमेरिकेत हार्लेची १२५ आणि १९५५ मध्ये जपानात यामाहाची पहिलीवहिली मोटरसायकल, वायए-वन, तयार झाली. ज्या आरएक्स १०० साठी आपल्याकडची पोरं जीव टाकतात तिच्या कंपनीची सुरुवात ती.

दुसरा धागा तर हेरकथेसारखा आहे. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर. त्यानं टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा आकार असा बसवला की बाहेर निघालेल्या धुराची लाट परत मागं आपटून ताजं मिश्रण सिलिंडरमध्येच कोंबते. बाहेरून फुगीर पोटाचा पाइप, पण ताकद कुठल्या कुठं. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेगनर पळाला आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडं गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीवर ५० सीसीचं जागतिक विजेतेपद. आणि त्या सुझुकीनं टीव्हीएसबरोबर १९८४ मध्ये १०० सीसीची टू-स्ट्रोक काढली ती आपल्या होसूरला, याच तमिळनाडूत. शीतयुद्धातलं गुपित फिरत फिरत कुठं येऊन पोचलं बघा. पण आपण गाडी निवडत होतो.

कन्येची पहिली पसंती युट्यूबवरची. ऑस्ट्रियात एर्झबर्ग नावाच्या खाणीच्या डोंगरावर जी शर्यत होते तिथं वर पोचणारे बहुतेक तीनशे सीसीच्या टू-स्ट्रोकवर असतात. वजन एकशेपाच किलोच्या आसपास आणि ताकद आपल्या रस्त्यावरच्या मोठ्या गाड्यांइतकी. काम चोख. पण सीटची उंची साडेनऊशे मिलिमीटरच्या वर. कन्येचे दोन्ही पाय हवेत आणि माझा डावा पाय फार तर चवड्यावर. शिवाय या गाड्या स्पर्धेसाठी आणतात, रस्त्यासाठी नंबर मिळत नाही. घरापासून कालव्यापर्यंतचा दीड किलोमीटर टेम्पोत घालून न्यायची काय?

मग तिनं एक्सपल्स पुढं केली. भारतात आजच्या घडीला मातीसाठी घेण्यासारखी, रास्त किमतीची गाडी, यात वाद नाही. फोर-स्ट्रोक, धूर नाही, वॉरंटी, बटनस्टार्ट. पण दीडशे किलोच्या वर. हिमालयन घ्या तर दोनशेच्या आसपास.

खडकवासल्याला कॅडेटला सायकल मिळते हे बऱ्याच लोकांना ठाऊक आहे. ती चालवण्याइतकाच ती उचलण्याचाही सराव होतो, हे कमी लोकांना ठाऊक आहे. सीनियरची मर्जी फिरली की सायकल डोक्यावर धरून पळायचं. तेव्हापासून वाहनाकडं बघितलं की माझ्या मनात पहिला प्रश्न तोच येतो: हे मला एकट्याला उचलता येईल का? चिखलात आडवी पडलेली दीडशे किलोची गाडी एका धड आणि एका जोडलेल्या गुडघ्यावर उचलताना जे वळण गुडघ्यात पडतं, तेच सर्जननं टाळायला सांगितलं होतं. आणि पाच फूट दोन इंचाची पोरगी? ती उचलेलही, एकदा. तिसऱ्या वेळी तिचे हात थकलेले असतील आणि चौथ्यांदा ती त्यामुळंच पडेल. थकवा हाच चिखलातला खरा शत्रू. एक्सपल्स तिथं गळाली.

येझदी माझी आवडती. म्हैसूरची, २५० सीसी, दोन सायलेन्सर. तिचं गिअर आणि किक एकाच दांड्यावर, डाव्या बाजूला. डाव्या. बायको पहिल्यांदा हसली ती इथं.

टीव्हीएस फिफ्टी आणि तिच्या पुढच्या एक्सएलचा विचार मी अगदी गंभीरपणे केला. १९८० पासून होसूरला बनणारी ही दोन माणसांची मोपेड म्हणजे या मुलखाची खरी ट्रेल गाडी. तिच्यावर मी गवताचे भारे पाहिलेत, केळीचे घड पाहिलेत, बकरी पाहिली आहे आणि एकदा एक खिडकी, चौकटीसकट. वजन सत्तर किलोच्या आत. शेतकरी ती घेऊन जिथं जातो तिथं ऑस्ट्रियाचा विजेता दोनदा विचार करेल. पण चाकं लहान, पोट जमिनीला टेकलेलं, आणि कन्येचा आक्षेप: "बाबा, एसएसबीत छंद विचारला तर मी मोपेड सांगू?"

उरली आरएक्स १००. १९८५ ते १९९६, ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या जरासं वर. कागदावर सगळं जुळत होतं. पण आरएक्सला आता लोक गाडी म्हणून विकत नाहीत, दागिना म्हणून विकतात. एका बहाद्दरानं सांगितलेला आकडा ऐकून मी फोन दोनदा तपासला. शिवाय आरएक्सची ताकद इंजिन चढल्यावर एकदम येते. डांबरावर त्यात मजा. ओल्या चिकणमातीवर त्याच क्षणी मागचं चाक बाजूला निघतं. नवशिक्याला आणि अर्ध्या गुडघ्याच्या माणसाला खालच्या वेगातली संथ ओढ हवी.

ती मिळाली घरापासून तीन गल्ल्या सोडून. आमचा दूधवाला टीव्हीएस-सुझुकीच्या मॅक्स १०० वर दूध घालायचा. होसूरच्या त्याच टू-स्ट्रोक घराण्यातली कामकरी गाडी. दिसायला साधी, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पंचवीस वर्षं चाललेली. त्याच्या मुलानं त्याला नवी फोर-स्ट्रोक घेऊन दिली होती आणि ही गोठ्यात उभी होती. रविवारी राहुकाळाआधी देवळाच्या गल्लीत दूध पोचवायचं काम तिनं इतकी वर्षं केलं होतं. मी तिला बघायला गेलो, दोन किकमध्ये चालू झाली आणि मागून निळा धूर आला. गावात दूध निळं होतं, गाडीचा धूर निळा होतो. राहूचा वरदहस्त म्हणायचा. खरं कारण जास्त तेल. म्हातारा गाडीवरच्या प्रेमापोटी पेट्रोलमध्ये दुप्पट तेल ओतत होता.

माझी तमिळ अजून परेड ग्राउंडपुरती आहे. मदतीला आले शेजारचे काका. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात, सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत, जी मराठी घरं या बाजूला आली त्यांच्यापैकी एकाचे वंशज. घरात अजून मराठी बोलतात, तमिळच्या हेलात. आम्हाला ती कळायला पहिले दोन दिवस गेले. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून ठेवला, तो बघायला आम्हाला काकाच घेऊन गेले होते. आता तेच काका मेकॅनिक आणि माझ्यामध्ये उभे राहून पिस्टनच्या रिंगांबद्दल दुभाषेपणा करत होते. 'रिंग झिजलीय का' याला त्यांनी विचारलं, "कडी विरली का?" मला तो शब्द फार आवडला.

जुनी टू-स्ट्रोक घेणाऱ्यांसाठी, काय बघितलं ते सांगतो. इंजिन थंड असताना हातानं किक दाबून बघा. मध्येच चांगला दाब लागला पाहिजे, सरकन खाली गेली तर रिंगा गेल्या. सायलेन्सरच्या तोंडात बोट घाला. सुका काळा थर चालेल, ओघळणारं तेल असेल तर विचारपूस करा. गिअरबॉक्सचं तेल दर महिन्याला कमी होत असेल तर क्रँकची सील गेली आहे आणि तेल आत जळतंय. त्याला खर्च आहे. चाक हलवून बेअरिंग बघा. आणि सगळ्यांत शेवटी नव्हे, सगळ्यांत आधी कागद. इंजिन आणि चेसिसचे आकडे आरसीशी जुळवून बघा. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का बघा. गणवेशातल्या माणसाला विनाकागदाची गाडी चालवणं शोभत नाही आणि परवडतही नाही. नाव बदलून हातात आल्यावरच पैसे पूर्ण दिले. गाडीला जेवढे पडले त्याहून जास्त दोघांच्या हेल्मेटला, बुटांना आणि गुडघ्याच्या कवचांना पडले. हे प्रमाण बरोबर आहे असं माझं मत.

बदल थोडेच केले. मूळ बांधणीत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि ते यावंच. सायलेन्सर कापून गाव उठवणाऱ्यांवर माझा राग आहे. मेकॅनिकनं सायलेन्सर आतून जाळून साफ केला, नवा पिस्टन आणि 'कड्या' घातल्या, क्लचच्या प्लेटी बदलल्या, मागं खोल खाचांचा टायर चढवला. पुढच्या मडगार्डमध्ये चिखल अडकून चाक थांबतं, म्हणून ते दोन बोटं वर उचललं. तेल लिटरला २५ मिली, म्हणजे चाळिसास एक. औषधाच्या बाटलीवर मापाच्या खुणा असतात ती बाटली आता शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, म्हणून टाकीत आठवड्यापुरतंच घालायचं.

ही गाडी माझ्याबरोबर पुढच्या पोस्टिंगला येणार नाही, हे घेतानाच ठरलंय. एनओसी, दुसऱ्या राज्याचा टॅक्स, आणि दिल्लीकडं बदली झाली तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचं काय होतं ते फौजींना वेगळं सांगायला नको. तिची जागा इथली आहे. मेकॅनिकनं जाताना परत मागितली आहे.

पहिले दोन रविवार मी तिला गाडी चालू करू दिली नाही. ढकलायची, आडवी पाडायची, उचलायची. पाठ सरळ, हँडल पूर्ण वळवून, कंबर टेकवून मागं चालत. पंधरा वेळा. कन्या म्हणाली, "हे रॅगिंग आहे." मी म्हटलं, "ओरिएंटेशन." तिसऱ्या रविवारी कालव्याच्या कडेनं पहिल्या गिअरमध्ये निघाली. उभं राहून चालवायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, नजर चाकापुढं नाही, वीस पावलं पुढं. ती चार वेळा पडली. चारही वेळा मी जागेवरून हललो नाही, आणि हे लिहायला सोपं आहे.

मग माझी पाळी. अरसलारच्या काठानं एका ठिकाणी वाट खाली उतरते आणि गुरं पाणी प्यायला जातात तिथं बारा महिने ओल असते. तिथं मागचं चाक डावीकडं निघालं आणि पाय आपोआप बाहेर गेला. डावाच. टेकला, घसरला, पुन्हा टेकला आणि धरला. गाडी माझ्या मांडीवर कलली, शंभर-एक किलोमधला जेवढा भार आला तेवढा गुडघ्यानं पेलला. मी तसाच थोडा वेळ उभा राहिलो. इंजिन चालू होतं. मागून कन्येनं विचारलं, "बाबा, ठीक?" मी क्लच सोडला.

बोर्ड सप्टेंबरमध्ये आहे. काय होईल ते होईल.

परवाच्या रविवारी परत येताना पाटाजवळच्या वस्तीवरून चाललो होतो. पुढं गाडीवर कन्या, मागं मी सायकलवर. झोपडीतून एक आजी घाईघाईनं बाहेर आल्या, हातात पितळेचं पातेलं. पंचवीस वर्षं हा आवाज आला की पातेलं घेऊन बाहेर यायचं, एवढं त्यांना ठाऊक. कन्येनं ब्रेक दाबला, हेल्मेट काढलं, चिखलानं भरलेल्या तोंडानं हसली आणि तिला येत असलेल्या मोजक्या तमिळमधून म्हणाली, "पाल् इल्लै, पाट्टी." दूध नाही, आजी.

आजींनी तिच्याकडं बघितलं, कॅन नसलेल्या गाडीकडं बघितलं, आणि पातेलं काखेला मारून आत जाऊन तिला तोंड धुवायला पाणी घेऊन आल्या.